देवरे अण्णांचं खातं

अंबडच्या कारखान्यात मला बोलावलं ते एवढ्यासाठी :
सकाळी एकदाच आपण कोण ते सांगायचं,
मग दिवसभर कुठल्याच दाराने पुन्हा विचारायचं नाही.
आजवर हजेरीला एक पासवर्ड, स्टोअरला दुसरा,
कँटीनच्या कूपनला तिसरा,
आणि तिन्ही एकाच चिठ्ठीवर,
कीबोर्डच्या पोटाखाली सेलोटेपने.

पहिला दिवस किल्लीत गेला.
किल्ली म्हणजे एक एवढीशी फाइल,
वाचायचा हक्क फक्त सर्व्हरला.
दुसरा दिवस एका नावात गेला,
कॅपिटलमध्ये लिहायचं ते मी स्मॉलमध्ये लिहिलं होतं.
यंत्र काही ते सांगत नाही.
नुसतं म्हणतं, ओळख पटली नाही.

तिसऱ्या दिवशी काहीच चुकलेलं नव्हतं
आणि तरी दार बंद.
रात्री साडेदहाला दिसलं,
सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे.
पाचपर्यंत चालतं. एवढी माणुसकी
हे लिहिणाऱ्यांनी ठेवली आहे.
सातला मात्र हातातलं तिकीट
अजून जन्मलेलंच नसतं.
घड्याळ पुढे ओढलं,
आणि दार असं उघडलं
जसं कधी बंद नव्हतंच.

शेवटची सिटीलिंक गेली होती.
पाथर्डी फाट्यापर्यंत चालत निघाले.
वडिलांचं करायला रामकुंडावर गेलो होतो ते आठवलं.
गुरुजींनी फक्त गाव विचारलं, आडनाव विचारलं,
लाल फडक्यातून चोपडी काढली
आणि पणजोबांची मोडीतली सही समोर धरली.
पासवर्ड नाही, काही नाही.
मी म्हटलं, माझंही नाव घाला.
ते हसले. मुलींची नावं, म्हणाले,
सासरच्या चोपडीत.

चौथ्या दिवशी माणसांची यादी.
स्टोअरमधून रोज चाळीसेक गेटपास निघत होते,
सगळे एकाच नावाने : य. दा. देवरे.
हे कुठे बसतात, मी विचारलं.
खैरनारने गांगुर्डेबाईंकडे बघितलं,
गांगुर्डेबाईंनी पंख्याकडे.
अण्णा रिटायर होऊन सहा वर्षं झाली, मॅडम.
नवीन खातं मागितलं होतं. आलं नाही.
त्यांचा पासवर्ड माहीत होता सगळ्यांना.

अण्णांना फोन लावला.
मखमलाबादला कोथिंबिरीला पाणी देत होते.
"म्हणजे सहा वर्षं मी ड्यूटीवर?"
हो.
"रविवारी?"
दोन-चार वेळा. आणि मागच्या वर्षी
तुमचं बायपास झालं म्हणतात, त्या दिवशी तेरा गेटपास.
बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.
मग म्हणाले, "फंडाचं काही बघता येतं का त्यात?"

खातं मी पुसलं नाही.
पुसलं तर जुने कागद पोरके होतात.
एक टिक काढली आणि अण्णा घरी गेले.

खैरनारला ते आवडलं नाही.
"अण्णांच्या नावावर चूक झाली, मॅडम,
की ती कुणाचीच नसायची."
त्याचं खरं होतं. मी काय बोलणार,
मी त्याची चिठ्ठी सोलत होते,
सेलोटेपबरोबर टेबलाचा थोडा रंग आला.

सोमवारी पहिल्या पाळीला
गांगुर्डेबाईंनी एकदाच नाव सांगितलं.
हजेरी उघडली, स्टोअर उघडलं, कूपनही.
उजव्या कोपऱ्यात, वर, बारीक अक्षरात
त्या स्वतः होत्या.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
बोट काचेला टेकवून एकेक अक्षर वाचलं,
पुन्हा वाचलं.

मी वाट बघत उभी.

"मॅडम," त्या म्हणाल्या,
"माझं नाव यशोमती आहे.
तुम्ही एक मात्रा खाल्लीत."